हिरव्या उतारावरच्या उड्यांनाही क्रीडापानावर जागा द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडापानाच्या तळाशी ‘जरा हटके’ या चौकटीत एक छायाचित्र होते. हिरव्यागार उतारावर हवेत झोकून दिलेला स्की जम्पर, म्हणजे पायांत स्कीच्या लांब पट्ट्या बांधून उंच मनोऱ्यावरून उडी मारणारा खेळाडू, आणि खाली अर्ध्या विजारीतले, गॉगल लावलेले प्रेक्षक. मथळा होता ‘बर्फ नाही, तरी हौस दांडगी’. त्याखाली तीन ओळी: युरोपात भर उन्हाळ्यात कृत्रिम बर्फ पसरून स्कीच्या उड्या मारतात आणि लोक ते बघायला गर्दी करतात. स्पर्धा कोणती, गाव कोणते, उडी मारणारा कोण आणि जिंकले कोण, यातले काहीच नव्हते. शेजारच्या चौकटीत बाटलीची झाकणे गोळा करणाऱ्या एका गृहस्थांची बातमी होती.

आपला अंक आमच्या घरी वडिलांपासून येतो. तेव्हा तो टपालाने, शिळा होऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पोचायचा. आता मी सकाळी टॅबवर वाचते. क्रीडापान आधी वाचायची सवय तेव्हापासूनची. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. जागेअभावी पत्र कापावे लागले तर माझ्याविषयीचा मजकूर कापा, खेळाविषयीचा राहू द्या.

त्या उतारावर कृत्रिम बर्फ नसतो. बर्फच नसतो. तिथे प्लॅस्टिकच्या चटया अंथरलेल्या असतात: लांब, चिवट, हिरव्या तंतूंच्या जुड्या, वरची ओळ खालच्या ओळीवर चढवत आणलेली, गवताने शाकारलेल्या छपरासारखी. स्पर्धेआधी आणि मधूनमधून त्यांच्यावर पाणी मारतात. कोरड्या प्लॅस्टिकवर स्की अडकते आणि उतरणारा माणूस तोंडावर आपटू शकतो. वरून खेळाडू ज्या मार्गाने बसून घसरत येतो, त्यात दोन खाचा असतात. हिवाळ्यात त्या बर्फाच्या असतात, उन्हाळ्यात सिरॅमिकच्या, आणि त्याही ओल्या ठेवाव्या लागतात. बाकी सगळे तेच. त्याच लांबरुंद स्की, तोच पोशाख, तेच पाच परीक्षक, तेच नियम आणि तेच खेळाडू. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची ही अधिकृत मालिका आहे, ग्रां प्री नावाची. 1994 साली सुरू झाली आणि पहिले विजेतेपद जपानच्या ताकानोबू ओकाबे याने घेतले. याच ओकाबेने पुढे 1998 साली नागानो ऑलिम्पिकमध्ये जपानच्या संघातून सुवर्णपदक मिळवले. तीस वर्षांहून जुनी मालिका हौस म्हणून उडवून लावायची नसते.

मी ग्वाल्हेरची, शारीरिक शिक्षणाची निवृत्त शिक्षिका. शिक्षण इथल्याच लक्ष्मीबाई महाविद्यालयात झाले. नोकरीचा सगळा काळ सकाळी शाळेच्या मैदानावर आणि संध्याकाळी मुलींना हॉकी शिकवण्यात गेला. ओल्या प्लॅस्टिकवर खेळणे म्हणजे काय, ते आम्हा ग्वाल्हेरकरांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. इथल्या महिला हॉकी अकादमीत मुली टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, उतरण्याआधी पाणी सोडतात. ओल्या टर्फवर चेंडू सपाट आणि वेगात जातो, उसळत नाही, आणि मुलगी पडली तर कातडी कमी सोलवटते. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना, पाणी मारून दहा मिनिटे झाली की टर्फ पुन्हा सुकायला लागते आणि चेंडू थांबून थांबून येऊ लागतो. प्रशिक्षकाचे निम्मे लक्ष त्या पाण्याकडे असते.

हिंटरत्सार्टनला मला हेच पाहायला मिळाले. माझा मुलगा नोकरीसाठी जर्मनीत आहे. काही वर्षांपूर्वी जुलैत त्याच्याकडे गेले होते, तेव्हा तो आणि सूनबाई मला फ्रायबुर्गहून छोट्या गाडीने दरी चढून त्या गावी घेऊन गेले. ब्लॅक फॉरेस्टमधले गाव, गावाबाहेर रानाला लागून टेकडी, टेकडीवर आडलर शान्त्से नावाचा उड्यांचा मनोरा. ऊन चांगले तापले होते. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात उतारावरचे फवारे सुरू झाले, आणि पाण्याच्या पडद्याआडून माणसे चटया तपासत खाली उतरू लागली. एक माणूस मध्येच वाकला, एका ठिकाणच्या जुड्या हाताने विंचरून सरळ केल्या, बोट लावून ओल पाहिली आणि पुढे गेला. माझे लक्ष त्याच्यावरच खिळले. आमच्या मैदानावरचा माळीदादा स्प्रिंकलर बंद करून असाच वाकून टर्फला हात लावायचा.

आवाज दूरदर्शनवर कळत नाही. खेळाडू वरून निघतो तेव्हा खाचेतून घरघर येते, ती वाढत जाते आणि कडेला आल्यावर एकदम थांबते. मग काही क्षण फक्त पोशाखाची फडफड. आणि मग ओल्या चटयांवर दोन स्कींचा फटका, त्यापाठोपाठ पाण्याचा सपकारा. सूनबाई म्हणाली, “आई, हा माणूस उतरल्यावर श्वास सोडतो, तसा मीही सोडते.” तिथल्या गर्दीत बरेचजण तसेच करत होते.

आता खेळाविषयी, कारण आपल्याकडे त्याबद्दल जे समज आहेत ते बहुतेक उलटे आहेत. लोकांना वाटते, मनोऱ्याच्या टोकाला मार्ग वर वळतो आणि तो खेळाडूला आकाशात फेकतो. प्रत्यक्षात टोकाचा भाग खालच्या दिशेनेच उतरता असतो, साधारण दहा-अकरा अंशांनी. वर जायचे ते आपल्या पायांच्या जोरावर. ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या वेगात, मांड्या छातीला टेकलेल्या अवस्थेतून उठायचे, आणि त्यासाठी वेळ मिळतो सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा. लवकर उठला तर जोर मार्गातच वाया जातो. उशीर झाला तर मार्ग संपलेला असतो आणि पायाखाली ढकलायला काहीच उरत नाही. इतकी वर्षे मुलींना धावपट्टीवरून लांब उडी मारायला शिकवली, पण एवढ्या वेगात एवढ्या छोट्या क्षणाला पकडणे मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेले नाही.

मग हवा. स्कींची टोके फाकवून पुढे व्ही अक्षर करायचे ही पद्धत आज सगळ्यांची आहे, पण ती आली 1980च्या दशकात, स्वीडनच्या यान बोक्लव याच्यामुळे. तेव्हा स्की समांतर ठेवणे म्हणजेच सौंदर्य, असा परीक्षकांचा दंडक होता. बोक्लव लांब जायचा आणि परीक्षक त्याचे गुण कापायचे. तरीही 1988-89 चा विश्वचषक, म्हणजे हिवाळाभर चालणारी मालिका, त्याने जिंकला, आणि काही वर्षांत सगळ्या जगाने त्याची पद्धत उचलली. आपल्या रविवारच्या पुरवणीत या माणसावर एक लेख व्हायला हरकत नाही.

खेळाडू जमिनीपासून फार उंच असतो, हाही समज चुकीचा. उतार त्याच्याबरोबरच खाली जात असतो, म्हणून तो जमिनीच्या वर काही मीटरच असतो, पण शंभर-सव्वाशे मीटर लांब. उतरण्याची जागा तीव्र उताराची असल्यामुळे गुडघ्यांवर बसणारा हादरा निभावतो. सपाटीच्या फार जवळ जाऊन उतरणे मात्र धोक्याचे, म्हणून वारा अनुकूल होऊन उड्या फार लांबायला लागल्या की पंच सुरुवातीची बैठक, म्हणजे खेळाडू जिथे बसून निघतो तो आडवा दांडा, खाली घेतात, वेग कमी करतात.

गुणांबद्दलही थोडे लिहिते, कारण ‘सर्वांत लांब उडी त्याचा विजय’ असे आपल्याकडे जे छापून येते ते दर वेळी खरे नसते. प्रत्येक टेकडीला एक ठरलेले अंतर असते, त्याला के-पॉइंट म्हणतात. हिंटरत्सार्टनचा पंचाण्णव मीटरवर आहे. तिथे उतरले की 60 गुण, आणि त्यापुढे प्रत्येक मीटरला 2. समजा एखादी मुलगी 100 मीटरवर उतरली, तर अंतराचे 70. पाच परीक्षक प्रत्येकी 20 पैकी गुण देतात. समजा त्यांनी 17, 17.5, 18, 18 आणि 18.5 दिले. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त सोडून द्यायचे, उरतात 53.5. एकूण 123.5. आता तिच्यापेक्षा दोन मीटर लांब गेलेली दुसरी मुलगी टेलिमार्क न करता, म्हणजे एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, हात पसरलेले असे न उतरता, दोन्ही पाय जोडून थबकली, तर परीक्षक तिचे इतके गुण कापू शकतात की ते दोन मीटर वाया जातात. शिवाय वाऱ्याचा हिशेब: समोरचा वारा उचल देतो म्हणून गुण वजा होतात, पाठीमागचा खाली दाबतो म्हणून मिळतात. बैठक वरखाली केली तर त्याचाही फरक मोजतात. हा वाऱ्याचा आणि बैठकीचा नियम पहिल्यांदा वापरून पाहिला तो 2009 च्या उन्हाळी ग्रां प्रीत. तिथे तो जमला, म्हणून हिवाळ्यातल्या विश्वचषकात गेला. आज ऑलिम्पिक पदक ज्या हिशेबाने ठरते, त्याची चाचणी या ‘हटके’ उन्हाळी मालिकेत झाली आहे.

पोशाखाचेही तसेच. मार्च 2025 मध्ये ट्रॉन्हाइमच्या जागतिक स्पर्धेत यजमान नॉर्वेच्या पथकाने, हवेत जास्त तरंगता यावे म्हणून, पोशाखांत नियमाबाहेरची शिवण घालून फेरफार केल्याचे उघड झाले आणि मोठ्या टेकडीवर दुसरा आलेला त्यांचा खेळाडू अपात्र ठरला. ती बातमी आपण ठळक छापली होती, छायाचित्रासह. जो खेळ फसवणूक झाल्यावर बातमी होतो, तो चोख खेळला गेल्यावर का होऊ नये? त्या प्रकरणानंतर पोशाखाची मापे कशी घेणार, हा सगळ्या पथकांपुढचा पहिला प्रश्न होता, आणि त्यानंतरच्या नव्या मोसमातली पहिली मालिका होती ती 2025 च्या उन्हाळ्यातली. आपल्या पानावर त्याची एक ओळ आली नाही.

मालिका साधारण जुलै-ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत चालते. गावे वर्षागणिक बदलतात: पोलंडमधले विस्वा, फ्रान्समधले कुर्शव्हेल, रुमानियातले रश्नोव्ह, ऑस्ट्रियातले हिंत्सेनबाख, जर्मनीतले क्लिंगेनथाल. अनेक वर्षे जपानमधले हाकुबाही होते, तेच जिथे नागानो ऑलिम्पिकच्या उड्या झाल्या. यांतले विस्वा मला सर्वांत जवळचे वाटते. आदाम मावीश तिथला. उन्हाळी मालिका त्याने 2001, 2004 आणि 2006 अशी तीनदा जिंकली, आणि त्याच्यामुळे पोलंडमधल्या पोरांना हा खेळ आपला वाटू लागला. गावातल्या टेकडीला त्याचेच नाव आहे. आमच्या ग्वाल्हेरच्या मैदानाला कॅप्टन रूपसिंहांचे नाव आहे. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ, इथेच राहिले, इथेच गेले. मैदान मुळात हॉकीचे. आज बाहेरच्या माणसाला ते आठवते 2010 साली सचिनने एकदिवसीय सामन्यात दोनशे धावा केल्या म्हणून. सचिनच्या त्या खेळीबद्दल मला अभिमानच आहे, मी त्या दिवशी रेडिओजवळून हलले नव्हते. पण रूपसिंह कोण होते, हे माझ्या विद्यार्थिनींना वर्गात सांगावे लागायचे, कारण ते त्यांच्या वाचनात कुठेच आलेले नसायचे. वर्तमानपत्र जे छापत नाही ते पुढच्या पिढीला ठाऊक नसते.

या चटयांचा इतिहास मुद्दाम सांगते. 1954 साली पूर्व जर्मनीतल्या थुरिंगियाचा प्रशिक्षक हान्स रेनर याने त्या तयार केल्या. कारण सरळ होते: त्याच्याकडे खेळाडू होते, टेकडी होती, पण बर्फ वर्षातले थोडेच महिने टिकायचा. नॉर्वे-फिनलंडच्या मुलांना लांब हिवाळा जन्मजात मिळायचा आणि हा खेळ त्यांचाच, असे धरून चालायचे. सहा वर्षांनी, 1960 साली स्क्वॉ व्हॅलीच्या ऑलिम्पिकमध्ये रेनरच्या तालमीतला हेल्मुट रेकनागेल याने सुवर्णपदक घेतले. उत्तरेकडच्या नॉर्डिक देशांबाहेरचा तो पहिला ऑलिम्पिक विजेता. वर्षभर सराव करता आला की काय होते, ते जगाला दिसले.

आणि आपल्याकडे? 1976 साली माँट्रियलला ऑलिम्पिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि भारत सातवा आला. आम्ही नुकत्याच शिकत होतो. आमचे प्रशिक्षक ती बातमी वाचून म्हणाले होते, “मुलींनो, आता मैदान बदलले.” मैदान बदलल्याचे सगळ्यांना दिसत होते, पण ते आमच्यापर्यंत पोचायला फार वर्षे लागली. माझ्या कितीतरी चांगल्या मुली मातीवर खेळून मोठ्या झाल्या आणि निवड चाचणीच्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा टर्फवर उभ्या राहिल्या. त्यांच्या पायांना त्या वेगाची ओळखच नव्हती. एकीचा पहिलाच पास बाहेर गेला, दुसऱ्या पासला तिने स्टिक लावली तोवर चेंडू निघून गेला होता, आणि तिसरा मागायला ती पुढे आलीच नाही. ती मुलगी आज दोन मुलांची आई आहे, भेटली की हॉकीचा विषय टाळते. आमच्या शहरात 2006 साली अकादमी आली आणि मुली टर्फवर वाढू लागल्या, तेव्हा भारतीय संघात मध्य प्रदेशच्या अकादमीची नावे दिसू लागली. खेळाचा पृष्ठभाग बदलतो तेव्हा ती बातमी पहिल्या दिवशी कळली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे, आणि ते पुस्तकातून आलेले नाही.

आता बर्फाच्या खेळांतही मैदान बदलते आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये विस्वाला विश्वचषकाची सुरुवात झाली ती प्लॅस्टिकच्या चटयांवर. वर बर्फाच्या खाचा, खाली हिरवा उतार. विश्वचषकाच्या इतिहासात असे पहिल्यांदाच झाले. पोलंडच्या दाविद कुबात्स्कीने दोन्ही दिवस जिंकले, आणि त्या वर्षीची उन्हाळी मालिकाही त्याचीच होती. थंडी उशिरा येते, बर्फ भरवशाचा राहिलेला नाही, हे खेळ चालवणाऱ्यांना कळते. उद्या हा खेळ कदाचित चटयांवरच जास्त दिसेल. मग ज्या मालिकेत तो आधीपासून तसा खेळला जातो, तिच्याकडे पाठ फिरवून कसे चालेल?

उन्हाळ्यातले यश हिवाळ्यात टिकत नाही, असे म्हणणारेही भेटतात. काहींचे टिकत नाही, हे खरे. पण स्लोव्हेनियाच्या उर्शा बोगाताय हिने 2021 ची उन्हाळी मालिका जिंकली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये बीजिंग ऑलिम्पिकला सामान्य टेकडीवर, म्हणजे ‘मोठ्या’हून लहान टेकडीवर, सुवर्णपदक घेतले, शिवाय मिश्र संघाचेही. ज्यांनी तिचा उन्हाळा पाहिला होता, त्यांना फेब्रुवारीत आश्चर्य वाटले नसणार.

मुलींच्या बाबतीत मला आणखी बोलायचे आहे. 2005 साली आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी जाहीरपणे म्हटले होते की वैद्यकीय दृष्टीने हा खेळ बायकांसाठी योग्य वाटत नाही. हे वाक्य मला नवे नव्हते. वेगळ्या शब्दांत ते मी इथल्या महाराज बाडा चौकाजवळच्या घरांत, ओसरीवर बसून, चहाचा कप हातात घेऊन ऐकले आहे. “मुलीची जात, पडली-बिडली तर?” असे विचारणाऱ्या आजी, आणि मान खाली घालून शेजारी उभी असलेली सेंटर फॉरवर्ड. 2009 साली लिबेरेत्सला महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि अमेरिकेची लिंडसे व्हॅन विजेती ठरली. पुढच्याच वर्षी व्हँकूव्हर ऑलिम्पिकमध्ये महिलांसाठी हा प्रकार ठेवलाच नाही. या मुली कॅनडाच्या न्यायालयात गेल्या, तिथेही हरल्या. 2012 साली महिलांची उन्हाळी ग्रां प्री सुरू झाली, पहिले विजेतेपद जपानच्या सारा ताकानाशीचे. 2014 साली सोचीत अखेर ऑलिम्पिकचे दार उघडले आणि जर्मनीची कारिना फोग्ट पहिली विजेती झाली. मार्च 2025 मध्ये स्लोव्हेनियाची निका प्रेव्हत्स विकेरसुंडच्या प्रचंड टेकडीवरून 236 मीटर गेली. तिचा भाऊ दोमेन त्याच महिन्यात प्लानिट्साला 254.5 मीटर गेला, तोही जागतिक विक्रम. बहीण-भाऊ दोघेही विक्रमवीर, एकाच घरातले. या बातमीत मराठी वाचकाला रस वाटणार नाही, असे मला खरेच वाटत नाही.

आपल्याकडे बर्फ कुठे आहे, मग हे वाचणार कोण, असे आपण म्हणाल. विम्बल्डनचे गवत तरी आपल्या अंगणात कुठे आहे? आपण दोन आठवडे त्याला अर्धे पान देता, आणि द्यायलाच हवे. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा शिवा केशवन 1998 ते 2018 या काळात सहा हिवाळी ऑलिम्पिक खेळला, ल्यूज या प्रकारात, म्हणजे छोट्या गाडीवर उताणे झोपून बर्फाच्या मार्गावरून घसरत. बर्फाचा ट्रॅक नव्हता म्हणून गाडीला चाके लावून हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर त्याने सराव केला. ट्रक, मेंढ्यांचे कळप, वळणे, सगळे सांभाळून. उन्हाळ्यात, बर्फाशिवाय, बर्फाच्या खेळाचा सराव. हौस दांडगी असा मथळा त्यालाही लावता आला असता, पण मग त्याची जिद्द वाचकांना कळलीच नसती.

माझ्या शेजारची सहावीतली मुलगी हल्ली संध्याकाळी माझ्याकडे येते. मागच्या मोसमात तिला टॅबवर एक उडी हळू करून दाखवली. चौथ्यांदा पाहताना ती म्हणाली, “आजी, हिचा डावा खांदा आधी खाली गेला, म्हणून ती वळली.” बरोबर होते. उडी मारणारीने हवेतच उजवी स्की किंचित दाबून तोल परत आणला होता. हा बारकावा बघायला बर्फ लागत नाही, सवय लागते. ती सवय लावणे वर्तमानपत्राला जमते. आमच्या पिढीला क्रिकेटचे क्षेत्ररक्षण वर्तमानपत्रातल्या आकृत्यांनीच शिकवले.

म्हणून माझी विनंती आहे. येत्या मोसमापासून प्रत्येक उन्हाळी स्पर्धेचा निकाल सोमवारच्या अंकात यावा: महिला आणि पुरुष, दोन्हींचे पहिले तीन, देश, अंतर आणि गुण. अंतर आणि गुण दोन्ही, एकच नको. मोसमाच्या सुरुवातीला एकदा टेकडीची आकृती काढून बैठक, टोक, के-पॉइंट आणि उतरण्याची जागा दाखवावी. निकालाशेजारी वाऱ्याची दिशा एका बाणाने दाखवली तरी पुष्कळ. आणि ‘कृत्रिम बर्फ’ या चुकीची दुरुस्ती आपण छापावी. जिथे ती चौकट होती तिथेच, म्हणजे ज्यांनी ती वाचली त्यांच्या नजरेस पडेल.

आपल्या कार्यालयात रविवारी रात्री हे निकाल शोधायला माणूस मोकळा नसतो, हे मी समजू शकते. मी ते काम करायला तयार आहे. रविवारी स्पर्धा आटोपली की तासाभरात निकाल, नावांच्या मराठी उच्चारांसह, युनिकोडमध्ये टंकून आपल्या क्रीडा विभागाला पाठवीन. मानधन नको, नावही नको. फक्त कुठल्या पत्त्यावर पाठवायचे आणि किती वाजेपर्यंत चालेल, एवढे कळवा.

आपली नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
लष्कर, ग्वाल्हेर